पेसमेकर बसवून घरी आलात, आता पुढे?

पेसमेकर बसवलेल्या वाचकांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून जे प्रश्न येतात, ते बहुतेक सारखेच असतात. मिक्सर लावला तर चालेल का? मोबाइल कुठल्या कानाला लावायचा? देवळाच्या दारातल्या तपासणी यंत्रातून जायचं की नाही? आईला आता कायमचं बसवूनच ठेवायचं ना? काळजी स्वाभाविक आहे. पण मशीनचं कार्ड कुठे आहे, मशीन कुठल्या कंपनीचं आहे, पुढची तपासणी कधी आहे, बसवलेल्या बाजूचा खांदा किती हलवायचा, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. त्रास होतो तो बहुतेक याच गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. मिक्सरपासून पेसमेकरला धोका नाही. पिकलेल्या जखमेवर घरच्या घरी हळद लावत बसलात, तर मात्र खरा धोका आहे. म्हणून या लेखात घरातल्या उपकरणांआधी जखमेचा, हाताचा आणि कार्डाचा विचार केला आहे.

मशीन करतं काय, करत नाही काय

हृदयाचे ठोके सुरू करणारी विद्युत यंत्रणा हृदयातच असते. ती मंदावली, किंवा वरच्या कप्प्यातला संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचेनासा झाला, की ठोके कमी पडतात. मग चक्कर येते, दम लागतो, काही जण उभ्याउभ्या कोसळतात. पेसमेकर एवढीच उणीव भरून काढतो. तो गरजेपुरताच काम करतो. डॉक्टरांनी किमान वेग मिनिटाला ६० ठरवला असेल आणि तुमचं हृदय स्वतःहून ७५च्या वेगानं चालत असेल, तर मशीन फक्त लक्ष ठेवतं. वेग ६०च्या खाली जाऊ लागला की ते सूक्ष्म विद्युत संदेश देतं. तो संदेश तुम्हाला जाणवत नाही.

यातून निघणाऱ्या दोन गोष्टी घरातल्या सर्वांना माहीत हव्यात. पहिली, पेसमेकरमुळे रक्तदाब, मधुमेह किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद होत नाहीत. ‘आता मशीन आहे, गोळ्या कशाला?’ म्हणून औषध सोडणारे लोक आहेत, आणि ते मोठा धोका पत्करतात. दुसरी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यांवर पेसमेकर हा उपाय नाही. छातीत दुखलं, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर मशीन आहे म्हणून थांबू नका, रुग्णालय गाठा.

छातीत मशीन आहे, पण ते धोकादायक लय थांबवण्यासाठी शॉक देणारं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर तो वेगळा प्रकार आहे आणि त्याचे नियम अधिक कडक आहेत. हा लेख साध्या पेसमेकरविषयी आहे. तुमचं मशीन कोणतं हे नक्की माहीत नसेल, तर आधी ते विचारून घ्या.

पहिले सहा आठवडे: जखम आणि हात

मशीन साधारण २० ते ३० ग्रॅम वजनाचं असतं. गळ्याजवळच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, कातडीखाली छोटा कप्पा करून ते ठेवतात. त्याच्या एक, दोन किंवा तीन वायर शिरेतून हृदयात गेलेल्या असतात. या वायरींची टोकं हृदयाच्या आतल्या बाजूला घट्ट धरायला काही आठवडे लागतात. तोवर हात जोरात वर गेला किंवा झटका बसला, तर टोक जागचं हलू शकतं आणि मग वायर पुन्हा बसवावी लागते. हातावरची बंधनं आहेत ती यासाठी, आणि ती तेवढ्याच काळापुरती आहेत.

चार ते सहा आठवडे, किंवा तुमचे डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, बसवलेल्या बाजूच्या हातानं:

- कोपर खांद्याच्या वर नेऊ नका. उंच दोरीवर कपडे वाळत घालणं, माळ्यावरचा डबा काढणं, पंख्याची पाती पुसणं, बसमध्ये वरची कडी धरून उभं राहणं ही कामं दुसऱ्यावर सोपवा.
- चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका. भरलेली कळशी, गॅसची टाकी, गव्हाचं पोतं तर नाहीच. नातवंडालाही उचलून घेऊ नका. तुम्ही खाली बसा आणि त्याला मांडीवर येऊ द्या.
- ओढण्याची आणि ढकलण्याची कामं टाळा. विहिरीचं पाणी शेंदणं, हापसा मारणं, स्कूटर मधल्या स्टँडवर चढवणं, कपडे आपटून धुणं यांत हाताला नेमका झटकाच बसतो.
- त्या हातावर भार देऊन अंथरुणातून उठू नका. कुशीवर वळून दुसऱ्या हाताचा आधार घ्या.

आता याची दुसरी बाजू. वायर हलेल या भीतीनं काही जण हात झोळीत घालतात, छातीशी आवळून धरतात आणि महिनाभर हलवतच नाहीत. मग खांदा असा आखडतो की पुढचे कित्येक महिने सदऱ्याच्या बाहीत हात जात नाही. माझ्या मते अगदी ठळक अक्षरांत लिहून द्यावी अशी सूचना हीच आहे: हात खांद्याच्या खाली रोज हलवा. जेवा, लिहा, पोळ्या लाटा, कोपर वाकवा आणि सरळ करा, हात खाली सोडून हलके झोके द्या. कंगवा फिरवताना मान थोडी खाली आणली, तर कोपर वर न्यावं लागत नाही. वेणी मात्र काही दिवस दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या.

जखमेचं म्हणाल, तर पट्टी निघेपर्यंत ती कोरडी ठेवा. साधारण आठवडा ते दहा दिवस अंग पुसून काढावं लागतं. टाके विरघळणारे आहेत की काढायचे, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या. जखमेवर तेल, हळद, पावडर, अंगारा, कुठलंही मलम लावायचं नाही. खपली काढायची नाही. कातडीखालची मशीनची कड बोटांना लागते आणि बोटं पुन्हा पुन्हा तिकडे जातात, पण मशीन चाचपायचं, फिरवायचं नाही. सतत फिरवल्यानं वायर गुंडाळली जाऊन जागची ओढली गेल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

पहिल्या दिवसांत पुढून बटणं असलेला सैल सदरा किंवा गाऊन सोपा पडतो. बायकांना ब्लाउजचा काठ आणि आतल्या कपड्यांचा पट्टा नेमका जखमेवर घासतो. तिथे मऊ सुती कापडाची घडी ठेवा. पदराची पिन आणि पर्सचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घ्या.

वायर नसलेला, कॅप्सूलएवढा पेसमेकर जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात बसवला असेल, तर छातीवर जखम नसते आणि हाताची ही बंधनंही लागू होत नाहीत. तिथे जांघेतल्या जखमेची काळजी घ्यायची असते.

थांबू नका, फोन करा

खालीलपैकी काहीही झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जिथे मशीन बसवलं तिथे कळवा:

- जखम लाल, गरम, सुजलेली किंवा दिवसेंदिवस अधिक दुखरी, त्यातून पाणी, पू, रक्त, टाके उसवणं, ताप, थंडी
- पुन्हा चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी
- न थांबणारी उचकी, छातीचा किंवा पोटाचा स्नायू लयीत उडत राहणं
- बसवलेल्या बाजूचा पूर्ण हात सुजणं
- मशीनवरची कातडी पातळ, चकचकीत होणं किंवा मशीन जागचं सरकल्यासारखं वाटणं. हे काही वर्षांनीही होऊ शकतं.
- नाडी ठरवलेल्या किमान वेगापेक्षा कमी भरणं

बेशुद्धी, छातीत दुखणं किंवा मोठा दम लागला असेल, तर फोनाफोनी करत बसू नका. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. पेसमेकर असलेल्या माणसाची छाती दाबून हृदय सुरू करण्याचा प्रयत्न नेहमीसारखाच करायचा असतो. मशीन बिघडेल म्हणून हात आखडता घेऊ नये.

जखम पिकली असं वाटलं, तर गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून आठवडा काढू नका. संसर्ग कातडीखालच्या कप्प्यातून वायरीवाटे हृदयापर्यंत जाऊ शकतो, आणि तसं झालं तर मशीन आणि वायरी सगळंच काढावं लागतं. इथे दोन दिवसही महत्त्वाचे असतात.

ते कार्ड फाइलमध्ये नको, खिशात हवं

मशीन बसवल्यावर तुम्हाला एक ओळखपत्र मिळतं, सुरुवातीला बहुधा तात्पुरतं आणि नंतर कायमचं. त्यावर तुमचं नाव, कंपनी, मशीनचं मॉडेल, अनुक्रमांक, वायरींची माहिती, बसवल्याची तारीख आणि रुग्णालयाचं नाव असतं. बहुतेक घरांत हे कार्ड डिस्चार्जच्या फाइलमध्ये आणि फाइल कपाटात जाते. मग मध्यरात्री दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात नेल्यावर ‘कुठल्या कंपनीचं आहे?’ या प्रश्नाला उत्तर नसतं.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते सांगतो. पेसमेकर वरून तपासता येतो. छातीवर एक छोटं उपकरण ठेवून संगणकासारख्या यंत्रावर मशीनची सगळी नोंद वाचता येते. पण हे वाचणारं यंत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. एका कंपनीच्या यंत्रावर दुसऱ्या कंपनीचा पेसमेकर वाचता येत नाही. आपल्याकडे अनेक ठिकाणी कंपनीचा प्रतिनिधी हे यंत्र घेऊन रुग्णालयात येतो. कंपनीचं नावच माहीत नसेल, तर बोलवायचं कुणाला, इथून सुरुवात होते.

म्हणून आजच हे करा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, स्वतःच्या आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. मूळ कार्ड पाकिटात ठेवा. कार्ड मिळालंच नसेल, तर रुग्णालयाकडे लेखी मागणी करा. मशीनच्या खोक्यावरचा अनुक्रमांकाचा स्टिकर केसपेपरवर लावलेला असतो, त्याचीही प्रत मागा. पत्ता किंवा फोन बदलला, तर रुग्णालयाला कळवा. एखाद्या मॉडेलमध्ये दोष आढळून कंपनीनं सूचना काढली, तर ती तुमच्यापर्यंत याच नोंदीवरून पोहोचते.

तपासणी आणि बॅटरी

जखम पाहण्यासाठी पहिली भेट आठवडा-दोन आठवड्यांत होते. त्यानंतर दोन-तीन महिन्यांच्या आत मशीनची पहिली सविस्तर तपासणी आणि पुढे साधारण दर सहा महिन्यांनी ते वर्षानं एकदा. पहिल्या तपासणीत वेग आणि विजेचं प्रमाण तुमच्या शरीराप्रमाणे जुळवतात. त्यामुळे ‘बरं वाटतंय, कशाला जायचं’ म्हणून ही भेट टाळणं सर्वांत महागात पडतं. तपासणी दुखत नाही, सुई नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. काही रुग्णालयं घरबसल्या दूरवरून तपासणीची सोय देतात. तुमच्या मॉडेलला ती आहे का ते विचारा. गाव लांब असेल, तर एक फेरी त्यामुळे वाचते.

तपासणीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या: माझा किमान वेग किती ठेवला आहे? मी मशीनवर किती टक्के अवलंबून आहे? बॅटरी किती वर्षं उरली? मध्ये कधी लय बिघडल्याची नोंद आहे का? उत्तरं त्याच कागदावर तारखेसह लिहा.

बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षं चालते. मशीनला किती काम पडतं, त्यावर ते अवलंबून असतं. ती एका रात्रीत बंद पडत नाही. संपत आल्याचा इशारा तपासणीत दिसतो आणि त्यानंतर बदलायला साधारण तीन महिन्यांचा अवधी असतो. अर्थात तपासणीला गेलात, तरच तो इशारा दिसणार. बदलताना पूर्ण मशीन नवं बसवतात, कारण बॅटरी आत बंदिस्त असते. वायरी चांगल्या असतील, तर त्याच राहतात.

या उपचाराचा इतिहास पाहिला, तर धीर येतो. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर १९५८च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या माणसाला बसवला गेला. पहिलं मशीन काही तासच चाललं. पुढे त्यांनी आयुष्यभरात २६ पेसमेकर वापरले आणि २००१मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला तो त्वचेच्या कर्करोगानं. तुमच्या छातीतलं मशीन त्यांच्या पहिल्या मशीनच्या कितीतरी पुढचं आहे.

घरातली उपकरणं

चालू स्थितीतला टीव्ही, फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, इस्त्री, पंखा, गीझर, वायफाय, रिमोट नेहमीसारखे वापरा. यांची भीती मनातून काढून टाका. अट एकच, अर्थिंग नीट हवं. उपकरणाला हात लागल्यावर मुंग्या येत असतील, तर ते पेसमेकर नसलेल्यांसाठीही वाईटच. वायरमन बोलवा आणि तोवर त्याला हात लावू नका.

अंतर राखायचं ते यांच्यापासून:

- मोबाइल: मशीनपासून १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर दूर. सदऱ्याच्या त्या बाजूच्या खिशात नको, बोलताना दुसऱ्या कानाला. चुंबकानं चिकटणारे चार्जर आणि कव्हर यांबाबत अधिक जपा. आयफोनसाठी ॲपलचीच सूचना १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि बिनतारी चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतराची आहे. झोपताना फोन छातीवर ठेवून गाणी ऐकायची सवय असेल, तर ती सोडा.
- इंडक्शन शेगडी: मशीन आणि शेगडी यांत ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट. ओट्याशी उभं राहून भाजी परतताना हे अंतर सहज कमी होतं. घरात गॅस असेल, तर तोच वापरा. नसेल, तर शेगडी ओट्यावर मागे सरकवा आणि वाकून पातेल्यात पाहू नका.
- चुंबक: स्पीकर, हेडफोन, चुंबकाची बटणं असलेल्या पर्स आणि जॅकेट मशीनवर टेकू देऊ नका. चुंबक जवळ आला, की मशीन ठरावीक वेगानं चालू लागतं आणि दूर गेला, की पूर्ववत होतं. कायमचं नुकसान सहसा होत नाही.
- चुंबकीय गाद्या, पट्टे, कडी: ‘सर्व रोगांवर उपाय’ म्हणून घरोघरी विकल्या जाणाऱ्या या वस्तू घेऊच नका. कुणी भेट दिली, तरी वापरू नका.
- चरबीचं प्रमाण सांगणारे वजनकाटे: त्यांतून शरीरात सौम्य वीज सोडली जाते. साधा काटा वापरा.

शेतात, कारखान्यात, कामावर

शहरी पुस्तिकांत हा भाग नसतो आणि खरी अडचण इथेच येते. पाठीवरच्या फवारणी पंपाचा पट्टा नेमका मशीनवरून जातो आणि भरलेल्या पंपाचं वजन तिथे घासत राहतं. सहा आठवड्यांनंतरही शक्य तर हे काम दुसऱ्याकडे द्या, किंवा चाकाचा पंप वापरा. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला स्पर्श होऊ देऊ नका. सकाळी बांधावर जाण्याआधी ते बंद आहे का पाहा. विहिरीवरच्या मोटरचं स्टार्टर उघडून ओल्या हातानं फेज जोडण्याची सवय तर कायमची सोडा. ट्रॅक्टर चालवता येतो, पण पहिले सहा आठवडे नाही, कारण स्टिअरिंग ओढताना आणि खाचखळग्यांत खांद्याला धक्के बसतात. धार काढणं, खुरपणी, भाजी तोडणं ही कामं जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करता येतात.

चालू पेट्रोल इंजिनावर छाती झुकवून काम करू नका. स्पार्क प्लगच्या भागापासून फूटभर दूर राहा. गॅरेजवाल्यांनी इंजिन बंद करून मगच वाकायचं. वेल्डिंग हा अनेकांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, म्हणून इथे सरसकट ‘नाही’ म्हणत नाही. कमी करंटचं वेल्डिंग अंतर आणि अर्थिंग सांभाळून काहींना करता येतं. पण तुम्ही मशीनवर किती अवलंबून आहात त्यावर ते ठरतं, त्यामुळे तुमच्या यंत्राचा करंट किती ते लिहून नेऊन डॉक्टरांना दाखवा आणि परवानगी मिळेपर्यंत काम थांबवा. सबस्टेशन, मोठी जनरेटर रूम, भट्टी अशा ठिकाणी नोकरी असेल, तर कामाचं स्वरूप नमूद करून डॉक्टरांचं लेखी प्रमाणपत्र घ्या आणि ते व्यवस्थापनाला देऊन पोच घ्या.

वाहन, प्रवास, व्यायाम

गाडी कधी चालवायची हे आपल्याकडे डॉक्टरच ठरवतात. अंदाजासाठी सांगायचं, तर ब्रिटनमध्ये खासगी गाडीसाठी किमान एक आठवडा आणि बस-ट्रकसाठी सहा आठवडे थांबावं लागतं. पूर्वी चालवताना भोवळ आली असेल, तर पहिल्या तपासणीआधी हँडल हाती घेऊ नका. चालकाची नोकरी असेल, तर तोंडी परवानगीवर राहू नका, लेखी घ्या. सीटबेल्ट लावायचाच. पट्टा टोचत असेल, तर खाली छोटा टॉवेल ठेवा.

विमानतळ, मेट्रो, मॉल, मोठी देवस्थानं इथल्या चौकटीतून नेहमीच्या चालीनं जा, मध्ये थांबू नका, टेकू नका. यंत्र वाजलं, तर कार्ड दाखवा. हातातलं तपासणी यंत्र मशीनवर धरू नये आणि हातानं झडती घ्यावी, असं नम्रपणे सांगा.

एसटीच्या मागच्या सीटवर किंवा खराब रस्त्यावर रिक्षात ठोके वाढल्यासारखे वाटले, तर घाबरू नका. अनेक मशीनमध्ये हालचाल ओळखून वेग वाढवण्याची सोय असते आणि धक्क्यांना ते हालचाल समजतं. वारंवार त्रास झाला, तर तपासणीत सांगा, ते कमी-जास्त करता येतं.

चालणं पहिल्या काही दिवसांतच सुरू करा आणि रोज थोडं वाढवा. सूर्यनमस्कार, दंड, पोहणं सहा आठवड्यांनंतर विचारून. कबड्डी, कुस्ती यांत छातीवर थेट मार बसतो, ते नको. वारीला पायी जायचं असेल, तर तपासणी करून, कार्ड सोबत घेऊन आणि गोळ्यांचा पुरेसा साठा घेऊन निघा. नाडी मोजायला शिका: अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट.

दुसऱ्या आजारासाठी दवाखान्यात जाल तेव्हा

प्रत्येक वेळी पहिलं वाक्य ‘मला पेसमेकर आहे’ हेच असू द्या. दाताच्या डॉक्टरकडेही.

- एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन चालतात.
- एमआरआय चालेल की नाही, हे मशीन आणि वायरी दोन्हींच्या मॉडेलवर ठरतं. चालणारं असलं, तरी आधी मशीन त्यासाठी सेट करून नंतर पूर्ववत करावं लागतं. बसवल्यापासून सहा आठवडे शक्यतो टाळतात. पेसमेकर लपवून एमआरआयच्या खोलीत कधीही जाऊ नका.
- फिजिओथेरपीतलं डायथर्मीचं शेकणं पूर्ण वर्ज्य. कंबरेला, गुडघ्याला शेक घ्यायला जाता तेव्हा हे हमखास विसरतं. वेदनेसाठी विजेचे पॅड लावणारी यंत्रंही विचारल्याशिवाय नकोत.
- कुठलीही शस्त्रक्रिया, मुतखडा फोडण्याचं यंत्र, रेडिएशन: आधी हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र घ्या.

मनाचं आणि जोडीदाराचं

पहिले काही आठवडे रात्री छातीकडे लक्ष जातं, एकटं राहायची भीती वाटते, काहींना अपंगत्व आल्यासारखं वाटतं. ही भावना खरी आहे, तिला नाव ठेवू नका. महिना-दोन महिन्यांनी ती ओसरत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. त्यावर उपचार आहेत. शरीरसंबंध जखम भरल्यावर सुरू करता येतात. सहा आठवडे त्या बाजूच्या हातावर भार येऊ देऊ नये, एवढंच. मशीनमुळे जोडीदाराला काही होत नाही. आणि घरच्यांना एक विनंती: सहा आठवड्यांनंतर आईच्या हातातलं लाटणं, वडिलांच्या हातातली पिशवी काढून घेऊ नका. माणूस कामाला लागावा, म्हणूनच मशीन बसवलेलं असतं.

पैसे आणि हक्क

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याचा उपचार समाविष्ट आहे आणि तिचं संरक्षण आता वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत आहे. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच भेटा. बॅटरी बदलायची वेळ आली, की पुन्हा भेटा. योजनेची मदतवाहिनी १५५३८८. वय ७० किंवा त्याहून अधिक असेल, तर उत्पन्न कितीही असलं, तरी आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. गोव्यातल्या वाचकांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करावी.

आरोग्य विमा घेताना पेसमेकर लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४पासून जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आला आहे. दावा नाकारला, तर कारण लेखी मागा, आधी कंपनीकडे तक्रार करा आणि महिन्याभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

तुमच्या उपचाराची कागदपत्रं हा तुमचा हक्क आहे. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात. पण डॉक्टरांवर ती जपून ठेवण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे आणि तुमची बॅटरी त्याहून कितीतरी जास्त चालणार आहे. म्हणून मशीनचं स्वतंत्र बिल, वॉरंटीचा कागद, डिस्चार्ज समरी आणि प्रत्येक तपासणीचा अहवाल सुरुवातीपासून एका फाइलमध्ये लावत जा. वॉरंटीच्या काळात मशीन बदलावं लागलं, तर हेच कागद मागतात.

बोलायला कठीण, पण बोलायलाच हवं असं

‘पेसमेकर असला की जीव जात नाही, माणूस अडकून राहतो’ ही समजूत अनेक घरांत आहे. ती चुकीची आहे. शरीर थकलं, अंतकाळ आला, की हृदयाचा स्नायू मशीनच्या संदेशाला प्रतिसादच देत नाही. मशीन मृत्यू लांबवत नाही आणि यातनाही वाढवत नाही.

दहनापूर्वी मात्र पेसमेकर काढावा लागतो, कारण आतली बंदिस्त बॅटरी उष्णतेनं फुटू शकते. विद्युतदाहिनी, गॅसदाहिनी आणि लाकडाची चिता, तिन्ही ठिकाणी हे लागू आहे. मृत्यू रुग्णालयात झाला, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना आणि घरी झाला, तर दाखला द्यायला येणाऱ्या डॉक्टरांना सांगा. छोटासा छेद घेऊन काही मिनिटांत ते काढता येतं. ऐन दुःखात हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून कार्डाचा फोटो पाठवाल तेव्हाच ही गोष्ट घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा.